शपथेत न बसणारं जेवण

प्रिय दादूस,

तुला हे माझं पहिलंच पत्र. एका घरात वाढलेल्या भावांना एकमेकांना पत्रं लिहायची वेळ येत नाही. पुढे आपलं बोलणं थांबलं, तेव्हा मधल्या बहिणीनं, कुंदाबायनं, दिघाशीहून ये-जा करून तुझे निरोप मला आणि माझे तुला पोचवले. तिला तिकीट चिकटवावं लागत नसे, फक्त चहा पाजावा लागे. आता तू जिथे आहेस तिथे तिचीही ये-जा नाही. तेव्हा माझं मलाच लिहिणं आलं.

आजच का, ते सांगतो. उद्या गावदेवीची जत्रा. सकाळी तुझी वैशू दारात आली. म्हणाली, "काका, बाबा या जत्रंला तुमच्यासंगं देवलात जाणार होते ना? त्यांच्या जागी मी येते."

आत ये म्हटलं, तर उंबऱ्याशीच थांबली. पोर उन्हातून आलेली, ओठ सुकलेले. मी पाणी विचारलं नाही. तिनं मागितलं नाही. शपथ आपल्या दोघांची, पण बघ कशी घरभर पसरली! वाळवी तरी लाकूड संपलं की थांबते.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी एकदा सांगतो, कारण तुझी बाजू तू नाक्यावर सांगितलीस, माझी मी पेपरात छापली, आणि झालं काय ते दोघांपैकी कुणीच नीट सांगितलं नाही.

राहनाळचं आपलं शेत गोदामाला द्यायचं तू ठरवलंस. शेजाऱ्यांनी भराव टाकले होते, आपल्या शेतातलं पाणी निघायला वाट उरली नव्हती, उभा भात कुजत होता. तू म्हणायचास, "हितं आता बेडूकच पिकतील." बरोबर म्हणायचास. मी सही देईना. कशाला देईना, ते मलाही धड सांगता येत नव्हतं. वडलांच्या हातचं शेत, एवढंच. आणि मला जे धड सांगता येत नाही ते मी लिहितो, हा माझा जुना आजार. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात लिहिलं, की आमच्याकडे हल्ली पेरणीला बियाणं लागत नाही, पत्रे आणि सिमेंट टाकलं की चार महिन्यांत खोक्यांचं पीक उभं राहतं, आणि शेतकरी बांधावर खुर्ची टाकून ट्रक मोजतो. नाव कुणाचं घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती, कारण राहनाळला बांधावर प्लास्टिकची लाल खुर्ची टाकून बसणारा माणूस एकच होता.

वाक्य चांगलं होतं, दादूस. आजही म्हणतो. पण चांगलं वाक्य लागतं फार.

त्या वर्षीच्या जत्रेत तू देवीपुढं आपल्याच शेतातल्या तांदळाची मूठ उचललीस. सगळ्या गावासमोर म्हणालास, "या तांदलाचा भात याच्यासंगं खाल्ला, याच्या हातचं पानी प्यालो, तर आमच्या दोघांच्या पोरांवर येऊ दे." आणि मी, देवाधर्माची दर आठवड्याला टिंगल करून पोट भरणारा मी, पुढे होऊन तीच मूठ उचलली आणि तेच शब्द म्हणालो! तुझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणालो. मग माझ्या सहीवाचून व्हायचं ते कोर्टकचेरीतून झालं, शेतावर गोदाम उभं राहिलं, भाड्याचा माझा वाटा मुकाट्यानं माझ्याकडे यायला लागला आणि मी तो मुकाट्यानं घ्यायला लागलो. भांडणाचं कारण संपलं. शपथ तेवढी शिल्लक.

मोडायची कुणाची छाती नव्हती. स्वतःवर घेतली असती तर मी दुसऱ्याच दिवशी मोडून वर त्यावर सदर लिहिलं असतं. पण पोरांवर! माझा निनाद तेव्हा पाळण्यात होता. देवी नाही असं मी छापून दिलं होतं, पण पाळणा तर होता ना.

मग कुंदाबायनं वकिली सुरू केली. शपथेत काय बसतं आणि काय बसत नाही, याचा जेवढा कीस तिनं पाडला तेवढा गोदामाच्या कोर्टकेसमध्ये दोन्ही वकिलांनी मिळून पाडला नसेल. भाऊबीजेला ती दोन पाळ्या लावायची, लूमच्या कामगारांना लावतात तशा. सकाळची ड्युटी तुझी, संध्याकाळची माझी. तुझ्या घरच्या गणपतीला मी आरतीपुरता यायचो, तेव्हा दारात उभी राहून ती निकाल द्यायची, "पेढा चालंल. उकडीचा मोदक न्हाय, त्यात तांदलाचं पीठ हाय." आणि मी, भिवंडीतला नावाजलेला टीकाकार, मान खाली घालून पेढा खायचो.

हे असं किती वर्षं चाललं, दादूस? पोरं मोठी झाली, पॉवरलूम बंद पडत चालले, टेमघरच्या एका बंद लूमच्या शेडमध्ये शकीलनं हॉटेल काढलं.

शकील दुबईत कुठल्याशा मेक्सिकन हॉटेलात भटारखान्यात होता. परत आला तो ते एकच शिकून. बोर्डावर त्यानं मोठ्ठी टोपी घातलेला मिशीवाला माणूस काढून घेतला होता. रंगाऱ्यानं मेक्सिकन माणूस कधी पाहिला नसल्यामुळे तो हुबेहूब सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या मुकादमासारखा दिसायचा. वर 'मेक्सिकन कॉर्नर', खाली 'बिर्याणी ऑर्डरप्रमाणे मिळेल'. मी त्या बोर्डावर एक अख्खा लेख पाडला होता. कुंदाबायनं तो वाचला आणि तिच्या डोक्यात वेगळीच ट्यूब पेटली.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तिचा मिस्ड कॉल आला. मी फोन लावला तर म्हणाली, "बाला, त्या हाटेलात तांदलाची भाकर मिळतं का?"

"नाही. मक्याची."

"भात?"

"मेक्सिकोत कुठला भात?" मी म्हणालो. मेक्सिकोबद्दलचं माझं सगळं ज्ञान त्या बोर्डाएवढं होतं.

"मग शुक्रवारी दुपारी ये. दादूसलापन आनतंय. आपल्या शपथंत मेक्सिको न्हाय."

शुक्रवार तिनं मुद्दाम धरला होता. लूमना सुट्टी, सगळीकडे शांत, एरवीच्या खडखडाटात माणसं नुसती ओरडतात आणि ओरडण्यातून तुमचं भांडणच होईल, असं तिचं म्हणणं. नमाज आटोपून शकीलनं शटर वर केलं तेव्हा आपण तिघं फुटपाथवर उभे होतो. तू पांढरा लेंगा-शर्ट घालून आला होतास, लग्नाला निघाल्यासारखा. मीही इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण ते तू पाहिलंस की नाही, मला कळलं नाही. तू माझ्याकडे पाहतच नव्हतास.

शेडमधल्या जमिनीवर लूम बसवल्याच्या खुणा तशाच होत्या. आपलं टेबल बरोबर त्या दोन खुणांच्या मध्ये. तू एका बाजूला, मी समोर, कुंदाबाय कडेला, पंचासारखी.

शकीलनं टाको आणले. तू एक उचललास, उजेडात धरलास आणि कुंदाबायला म्हणालास, "ही भाकर कुनी इस्त्री केली?"

मी तिलाच म्हणालो, "बाय, त्याला सांग, मक्याची आहे. अशीच असते."

"त्याला सांग, मका आपुन बैलाला घालतो."

"म्हणून तर तुला आणलं!"

हे मात्र मी सरळ तुला म्हणालो. निघून गेलं तोंडातून. कुंदाबायनं डोळे मिटले. तू टाको खाली ठेवलास. मला वाटलं, उठलास आता. आणि तू हसलास! तोंड मिटून, खांदे हलवत, वडील हसायचे तसा. मग टाकोतला राजमा बोटानं उकरून म्हणालास, "बाल्या, हा तर राजमा. याला पासपोट कुनी दिला?"

'बाल्या' म्हणालास. मी पुढचा काही वेळ नुसता चावत होतो, चव कशाचीच लागत नव्हती.

मग आपण बोलायला लागलो. काय बोललो, आठवतंय? काही नाही! लोडशेडिंग. वैशूची बारावी. वहिनीचे गुडघे. माझ्या निनादला येणारी मिसरूड. इतक्या वर्षांचं साठवलेलं, एकमेकांना ऐकवायचं म्हणून घासून ठेवलेलं, सगळं घरीच राहिलं. तू एवढंच म्हणालास, "लिवतोस बरा. वैशू वाचून दावतं मना. मग शिव्या देतो तुना." माझ्या लेखनाला आजवर मिळालेलं हे सगळ्यात प्रामाणिक परीक्षण आहे.

कुंदाबाय हात धुवायला मागे गेली तेवढ्यात तू ती हिरवी मिरची खाल्लीस. गोल गोल कापलेली, व्हिनेगरमधली. "ही काय मिरची म्हनायची?" म्हणत मूठभर तोंडात टाकलीस आणि तुला ठसका लागला. डोळे लाल, तोंडातून शब्द फुटेना. पाण्याचा जग माझ्या हाताशी होता. मी उचलला, ग्लास ओढला आणि ओतणार, तोच तू हात आडवा धरलास.

खोकता खोकता म्हणालास, "नको. पोरगा हाय तुझा."

मी जग धरून तसाच बसलो. आतून शकील धावत आला आणि त्यानं तुला पाणी पाजलं. बोर्डावरच्या मुकादमालाही दया आली असेल. मला इतकी वर्षं वाटत होतं, की रागानं तू शपथ पाळतोयस. तू माझ्या पोराला सांभाळत होतास, दादूस? हे एकदा तरी सांगायचंस! माझा राग तरी तेव्हाच उपाशी मेला असता.

आणि मग तो बुरिटो आला. गुंडाळी कापली, खायला लागलो आणि आतून भात सांडला.

लालसर, टोमॅटोच्या रंगाचा, पण भातच. तुझ्या बोटाला शीत चिकटलेलं. तुझा अर्धा तुकडा खाऊन झालेला, माझाही. कुंदाबायचा चेहरा असा झाला, जसा काही कोर्टात ऐनवेळी साक्षीदार फिरलाय.

"भाईजान," ती शकीलवर उखडली, "इसमें चावल काय को डाला?"

"बाजी, बुरिटो में तो चावल होताच है।"

"हमको चावल नहीं चलता!"

शकील आपल्या तिघांकडे बघत राहिला. "आगरी लोग होके चावल नहीं चलता?"

कुणीच हसलं नाही. तू बोटावरचं शीत बघत होतास. अंगठ्यानं ते चोळलंस. लांब, सडपातळ दाणा. मग अगदी शांतपणे विचारलंस, "किधर का चावल है?"

"बासमती है, चचा। दिल्ली साइड का माल।"

तू मान हलवलीस. "मी मूठ धरली ती आपल्या शेतातल्या तांदलाची. ह्याची न्हाय." आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ते शेतच ऱ्हायलं न्हाय, बाल्या. तो तांदूल आता कुठं मिलनार? कशाची शपथ धरून बसलाव आपुन?"

एवढं म्हणून तू उरलेला बुरिटो उचललास आणि खाल्लास. मी पण खाल्ला. त्या दुपारी राहनाळच्या शेताबद्दल त्याआधी किंवा त्यानंतर आपण एक अक्षर बोललो नाही. माझ्या सगळ्या सदरांतून मला जे म्हणता आलं नव्हतं ते तू तोंडात घास असताना म्हणून गेलास. आणि माझी वाक्यं चांगली असतात म्हणे!

पण भाताचं सुटलं तरी पाण्याचं होतंच. हातचं पाणी ते हातचंच, त्याला दिल्लीचं नि राहनाळचं नसतं. कुंदाबाय म्हणाली, "भगताला मी विचारलंय. तांदूल उचलून घेतली तशी तांदूल ठेवून उतरवायची. दोघांनी मिलून. एकट्याला न्हाय उतरवता येत. चला आत्ता, देऊल वाटंवरच हाय."

आपण का गेलो नाही, दादूस?

तू म्हणालास, "आत्ता? हातपाय धुवून लगेच? लोक म्हनतील, इतकी वर्सं भांडले नि एका मक्याच्या भाकरीवर इकले गेले. जत्रंला जाऊ. सगल्यांसमोर घेतली ती सगल्यांसमोर उतरवू." आणि मी, ज्यानं आयुष्यभर 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांवर उपजीविका केली, तो म्हणालो, "हो. जत्रेलाच बरं." कुंदाबाय तेवढी पुटपुटली, "जत्रंला चैत उजाडंल." आपण दोघांनी तिला वेड्यात काढलं. एकमत झालं आपलं, इतक्या वर्षांनी, आणि ते यावर!

बाहेर आलो तेव्हा तू बोर्डाकडे बघून म्हणालास, "पुन्हा येऊ. पन मिरची न्हाय." मी रिक्षा थांबवली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून आत बसलास. ठेवलेला हात रिक्षा सुरू होईपर्यंत काढला नाहीस. तेवढं एक जेवण. पुन्हा येऊ म्हणालास, आलास का?

माघात तुझं हृदय थकलं. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात दुपारी मी तुझ्यापाशी बसायचो, वैशू औषधं आणायला खाली जायची तेवढा वेळ. एकदा तू डोळे उघडलेस. ओठांवरून जीभ फिरवलीस. पाणी हवं होतं. टेबलावर भांडं होतं, चमचा होता आणि मी होतो. मी चमचा भरून पुढे केला.

तू हात आडवा धरलास. सुई टोचलेला हात, उचलवत नव्हता, तरी उचललास. नजरेनं दाराकडे खुणावलंस: वैशूला येऊ दे, नाहीतर नर्सला बोलव. चमच्यातलं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत गेलं. मी नर्सला हाक मारत पळत सुटलो. ती आली, तिनं पाजलं. तू दोन घोट घेतलेस आणि माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलंस, जसं काही आपण दोघांनी मिळून निनादला रस्ता ओलांडून नेलं होतं.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, मरू दे ती शपथ. म्हणालो असतो तर तू ऐकलं नसतंस, हेही मला माहीत आहे. आयुष्यात एकदा तरी माझं ऐकलंस का तू?

तू गेलास त्या दिवशी अंगणात सगळे एकेक करून तुझ्या मुखात पाणी घालत होते. माझी पाळी आली आणि मी मागे सरलो. भाऊकी बघत होती. कुंदाबायनं तांब्या माझ्या हातात कोंबला. "घाल. गेलेल्या मानसावर शपथ न्हाय." तिचा शेवटचा निकाल. मी घातलं. माझ्या हातचं पाणी तुझ्या ओठांवर पडलं आणि गालावरून खाली चटईवर गेलं. हात आडवा आला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे.

परवा शकीलकडे गेलो होतो. त्यानं मेक्सिकन आता अर्ध्यावर आणलंय, चायनीज जास्त चालतं म्हणतो. "चचा नहीं आए?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. आत जाताना तो मिरचीची वाटी टेबलावरून उचलून घेऊन गेला.

उद्या वैशूबरोबर देवळात जातोय. भगत म्हणाला, बापाच्या जागी लेक चालते, तिचा हात तो बापाचाच हात. तांदूळ मात्र रेशनचा आहे, खड्यांसकट. वैशू म्हणते, देवी चालवून घेईल. सगळ्या गावासमोर ठेवू. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आणि नाही म्हणाले तर मी छापीन.

मग तुझ्या घरी येईन. ओटीवर थांबणार नाही, सरळ आत येईन. वहिनीकडे पाणी मागेन. कुणी आपणहून देईल याची वाट बघायचं वय संपलं माझं. मागून घेईन, गटागटा पिईन, आणि मग तिच्या हातची तांदळाची भाकर खाईन, वैशूच्या आणि निनादच्या मध्ये बसून. त्या दोघांना शपथ म्हणजे काय ते आपल्यामुळे कळलं. ती उतरवतात कशी, तेही उद्या कळू दे.

आणि संध्याकाळी राहनाळला जाईन. गोदामाच्या मागल्या भिंतीलगत आपल्या बांधाचा हातभर तुकडा अजून आहे, त्यावर गवत उगवतं. तुझी लाल खुर्चीही तिथेच आहे, एक पाय मोडलेली. तिथे तुझ्या नावानं ओंजळभर पाणी सोडीन. माझ्या हातचं.

या वेळी हात आडवा धरू नकोस.

तुझा,
बाल्या